हीट पंपाचं अनुदान: योजना यशस्वी झाली हे कशावरून ठरवायचं?

लीड्समध्ये सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने विचारलं आहे: इंग्लंड आणि वेल्समध्ये गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्या घरमालकाला सरकार ७,५०० पौंड अनुदान देतं. २०२३ मध्ये ही रक्कम वाढवल्यावर अर्ज झपाट्याने वाढले. मग योजना यशस्वी झाली असं प्रबंधात लिहावं का? लिहू नये, तर अशा योजनेचं मूल्यमापन करतात तरी कसं?

ऊर्जा आणि घरांच्या सरकारी योजनांचं मूल्यमापन हेच माझं काम आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. आधी थेट उत्तर: नुसते अर्ज वाढले म्हणून तसं लिहू नका. रक्कम वाढवली की अर्ज वाढणारच. सरकारने खर्च केलेल्या पैशातून काय साधलं हे कळायला दोन गोष्टी कळाव्या लागतात. हे अनुदान नसतं तर या घरांत काय झालं असतं? आणि बसवलेला पंप त्या घरात प्रत्यक्ष किती वीज खाऊन किती ऊब देतो? बाकी सगळे तक्ते आणि आलेख या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठी असतात. ही उत्तरं नंतर शोधायला निघालं तर बहुतेक वेळा मिळत नाहीत. योजना सुरू होण्याआधीच त्यांची तजवीज करून ठेवावी लागते.

मराठी वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमधली बहुसंख्य घरं अजून गॅस बॉयलरवर तापतात आणि तिथे वर्षाला १५ लाखांहून जास्त बॉयलर विकले जातात. हीट पंप म्हणजे उलट्या दिशेने चालणारा फ्रिज. बाहेरच्या थंड हवेतली किंवा जमिनीतली उष्णता तो आत आणतो, आणि विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता देतो. चालवायला चांगला, पण बसवायला महाग. हवेवर चालणारा पंप बसवायचा तर साधारण १२-१३ हजार पौंडांचं काम. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या मार्च २०२४ च्या अहवालानुसार हा खर्च गॅस बॉयलर बसवण्याच्या सरासरी चौपट होता. ही दरी बुजवायला मे २०२२ मध्ये ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’ आली. तीन वर्षांसाठी ४५ कोटी पौंड. हवेच्या पंपाला ५,००० आणि जमिनीतल्या पंपाला ६,००० पौंड. अर्ज घरमालक करत नाही, नोंदणीकृत इन्स्टॉलर करतो, आणि अनुदान बिलातून वजा होतं. वाटप ‘ऑफजेम’ ही ऊर्जा नियामक संस्था करते.

सुरुवात अगदी मंद झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पर्यावरण आणि हवामान बदल समितीने सरकारला खरमरीत पत्र लिहिलं: हाच वेग राहिला तर निम्माच निधी वापरला जाईल, आणि पहिल्या वर्षीचे उरलेले पैसे परत न घेता पुढच्या वर्षात वळवा. लेखापरीक्षकांनी पुढे जो हिशेब मांडला त्यात डिसेंबर २०२३ पर्यंत योजनेतून १८,९०० पंप बसले होते. त्या तारखेपर्यंत ५०,००० बसतील असा सरकारचा मूळ अंदाज होता. आणि २०२८ पर्यंत वर्षाला सहा लाख पंप हे उद्दिष्ट तर डोक्यावर होतंच.

आता तुमच्या प्रश्नातली वाढ. २० सप्टेंबर २०२३ ला तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी अनुदान ७,५०० पौंड करण्याची घोषणा केली आणि २३ ऑक्टोबरपासून ती अमलात आली. मूल्यमापन करणाऱ्याच्या दृष्टीने संपूर्ण योजनेतला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे, कारण एका ठरावीक तारखेला रक्कम उडी मारून वर गेली. पण आधीचा महिना आणि नंतरचा महिना शेजारी ठेवून फरक काढला की मोठी फसगत होते. ती कशी, हे जरा थांबून पाहू. तुमच्या प्रबंधाचा गाभा इथेच आहे.

पहिली गोष्ट, घोषणा आणि अंमलबजावणी यांत महिन्याहून जास्त अंतर होतं. महिनाभर थांबलं की अडीच हजार पौंड जास्त मिळणार हे कळल्यावर त्या दरम्यान अर्ज कोण करेल? लोक थांबले. म्हणजे ‘आधी’चा आकडा कृत्रिमरीत्या खाली गेला आणि थांबलेले सगळे एकदम आल्याने ‘नंतर’चा आकडा कृत्रिमरीत्या वर गेला. जुने अर्ज मागे घेऊन नव्या दराने पुन्हा केलेले अर्ज नवे म्हणून मोजले गेले आहेत का, तेही तपासा. घोषणेच्या आधीचा आणि नंतरचा काही काळ विश्लेषणातून वगळून पाहा. फरक किती उरतो ते मग कळेल. तो पहिल्या आठवड्यांच्या बातम्यांत दिसला त्याहून लहान असू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. त्याच भाषणात सरकारने बॉयलरबंदीची धार बोथट केली. गॅसवाहिनी नसलेल्या गावांत तेलावरचे बॉयलर बसवण्यावर २०२६ पासून येऊ घातलेली बंदी २०३५ पर्यंत पुढे ढकलली. तेलवाली घरं हीट पंपाची सर्वांत स्वाभाविक गिऱ्हाइकं. त्यांना एकाच दिवशी एका हाताने अडीच हजार पौंड जास्त मिळाले आणि दुसऱ्या हाताने घाई करण्याचं कारण काढून घेतलं गेलं. त्यामुळे या घरांत वाढ कमी दिसली तर अनुदानाचा परिणाम कमी होता असा निष्कर्ष काढता येत नाही. गॅसवाली आणि तेलवाली घरं वेगवेगळी ठेवून हिशेब करा. एकत्र सरासरीत हा सगळा ताण विरघळून जातो आणि कुणाच्याच हाती काही लागत नाही.

मग तुलना कुणाशी करायची? इथे ब्रिटनच्या रचनेने आपल्याला एक संधी दिली आहे. ही योजना फक्त इंग्लंड आणि वेल्सची. स्कॉटलंडची स्वतःची योजना आहे: २०२२ च्या अखेरीपासून ७,५०० पौंडांचं अनुदान, ग्रामीण घरांना आणखी १,५००, आणि वर बिनव्याजी कर्ज. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडची रक्कम बदलली, स्कॉटलंडची नाही. वीज-गॅसचे दर, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, पंपांच्या कारखान्यांच्या किमती, थंडी हे दोन्हीकडे बरंचसं सारखं. म्हणून दोन्हीकडच्या बसवणुकीत आधी किती अंतर होतं आणि नंतर किती झालं, यातला फरक हा अनुदानवाढीचा परिणाम म्हणून धरता येतो. लगेच आक्षेप येईल की स्कॉटलंडमध्ये तेलवाली घरं आणि खेडी जास्त. खरं आहे. म्हणून संपूर्ण स्कॉटलंड न घेता सीमेच्या दोन्ही बाजूंचे जिल्हे घ्या, किंवा घराचा प्रकार आणि इंधन जुळवून जोड्या लावा. आणि बदलाआधीच्या काळात दोन्ही रेषा समांतर चालत होत्या हे आलेखात दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणखी एक तपासणी योजनेच्या आतच दडलेली आहे. हवेच्या पंपाचं अनुदान अडीच हजारांनी वाढलं, जमिनीतल्या पंपाचं दीड हजारांनी, आणि बायोमास (म्हणजे लाकूड जाळणाऱ्या) बॉयलरचं ५,००० वरच राहिलं. परिणाम खरंच रकमेचा असेल तर वाढही त्याच क्रमाने दिसायला हवी. जमिनीतले पंप आणि बायोमास संख्येने थोडे, त्यामुळे यावर सगळी इमारत उभारू नका. पण आपला निष्कर्ष उलटा तर जात नाही ना, हे बघायला हा चांगला आरसा आहे. इन्स्टॉलरने अर्ज केल्यावर अनुदानाचं व्हाउचर मिळतं. जमिनीतल्या पंपाचं व्हाउचर सहा महिने चालतं, हवेच्या पंपाचं तीन. म्हणून अर्जाची तारीख आणि पंप चालू झाल्याची तारीख यांची सरमिसळ केलीत तर नसलेले फरक दिसू लागतील.

यातून उत्तर मिळतं ते ‘७,५०० विरुद्ध ५,०००’ या प्रश्नाचं. ‘७,५०० विरुद्ध काहीच नाही’ हा प्रश्न वेगळा आणि कठीण. तिथे अनेक जण सोपा मार्ग धरतात: लाभार्थ्यांनाच प्रश्नावली पाठवून विचारतात, ‘अनुदान नसतं तर तुम्ही पंप बसवला असता का?’ ज्याच्या हातात नुकतेच साडेसात हजार पडले आहेत तो ‘हो, तसाही बसवलाच असता’ असं का म्हणेल? माणसं खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. घेतलेल्या निर्णयाची कारणं मागे वळून सांगताना मन आपोआप नीटनेटकी गोष्ट रचतं. म्हणून मी मताऐवजी घटना विचारते. पहिलं कोटेशन कधी घेतलं? जुना बॉयलर बंद पडला होता की चालू होता? त्याच वर्षी सौर पॅनल किंवा इलेक्ट्रिक गाडी घेतली का? घोषणेपूर्वीच पूर्ण किमतीचं कोटेशन मंजूर केलेला माणूस तसाही बसवणारच होता, त्याला काही विचारायचीही गरज नाही.

तसेही घेणारे किती असू शकतात? मेक्सिकोमध्ये जुने फ्रिज आणि एसी बदलून देण्याच्या मोठ्या सरकारी कार्यक्रमाचा बूमहाउअर आणि डेव्हिस या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. तिथे अनुदानाची रक्कम आधीच्या वीजवापराच्या ठरावीक पातळ्यांवर बदलत होती. त्या पातळीच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या कुटुंबांची त्यांनी तुलना केली. साधारण निम्मे लाभार्थी अनुदानाशिवायही नवं उपकरण घेणार होते असं निघालं. हीट पंप फ्रिजपेक्षा फार महाग आणि अनोळखी, त्यामुळे ब्रिटनमध्ये हे प्रमाण कमी असावं असं मला वाटतं. पण ते शून्य धरून केलेला कोणताही हिशेब मी स्वीकारणार नाही.

याच्या जोडीला न आलेल्यांचीही चौकशी करा. बहुतेक अहवाल लाभार्थ्यांशी बोलतात आणि तिथेच थांबतात. ज्यांनी कोटेशन घेतलं पण पुढे गेले नाहीत, ज्यांचं व्हाउचर मुदतीत वापरलं गेलं नाही, ज्या इन्स्टॉलरने एक-दोन अर्ज करून योजनेकडे पाठ फिरवली, त्यांच्याकडे खरी माहिती असते. बॉयलर बंद पडतो तो बहुधा थंडीत. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलं तर दोन दिवसांत गरम पाणी हवं असतं. गॅस बॉयलर उद्या बसतो. हीट पंपासाठी घराची उष्णता किती आणि कुठून निसटते त्याचं मोजमाप, मोठे रेडिएटर, गरम पाण्याच्या टाकीला जागा, वीज वितरण कंपनीला कळवणं, असे आठवडे जातात. अशा घराला सात हजारांऐवजी दहा हजार दिले तरी फरक पडत नाही. त्याला बॉयलर बंद पडायच्या आधी गाठावं लागतं. रक्कम वाढवणं आणि वाट मोकळी करणं हे दोन वेगळे उपाय आहेत, आणि कुठला कुठे लागू पडतो हे फक्त न आलेल्यांकडून कळतं. मे २०२४ मध्ये इन्सुलेशनची अट काढली आणि मे २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर अंतराचा नियम गेला. वाट मोकळी करण्याच्या या दोन्ही तारखा तुमच्या आलेखावर रेघ मारून दाखवा.

किमतीचंही पाहायला हवं. अनुदान वाढलं की इन्स्टॉलर भाव वाढवतात का? वाढवले असतील तर त्या अडीच हजारांतला काही भाग घरमालकापर्यंत पोचलाच नाही. यासाठी सरासरी किंमत पुरत नाही, किमतींची पूर्ण विभागणी लागते. ठरावीक रकमेच्या अनुदानाचा एक गुण असा की वरचा प्रत्येक पौंड घरमालकाच्या खिशातून जातो, त्यामुळे तो घासाघीस करतो. टक्केवारीचं अनुदान ही सवय मारून टाकतं. पण उलट बाजूही आहे: अनुदानाच्या रकमेजवळच किमती दाटीने जमू लागल्या, तर काम तेवढ्यात बसवण्यासाठी काय काय गाळलं जातं हे तपासायला प्रत्यक्ष घरी जावं लागतं. २०२१ ते २०२३ मध्ये पंप बसवण्याचा खर्च महागाई वगळता फक्त ६ टक्के उतरला, असं लेखापरीक्षकांनी नोंदवलं. २०२५ पर्यंत तो २५ ते ५० टक्क्यांनी उतरावा ही सरकारची इच्छा होती. बाजार उभा करण्यासाठी अनुदान देतो असं म्हणणाऱ्या योजनेला हा आकडा सर्वांत जास्त टोचायला हवा.

आता दुसरा मोठा प्रश्न: पंप घरात चालतो कसा? कागदावर योजनेची अट होती की पंपाची हंगामी कार्यक्षमता, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे सरासरी मिळणारी उष्णता, किमान २.८ हवी. पण ती संगणकीय गणिताने दाखवलेली. प्रत्यक्ष काय होतं ते ‘इलेक्ट्रिफिकेशन ऑफ हीट’ या प्रकल्पात कळलं. ७४२ घरांत पंप बसवून मीटर लावले. हवेवरच्या पंपांचा मध्यक २.८ च्या आसपास आला, आणि जुन्या-नव्या सर्व प्रकारच्या घरांत पंप चालू शकतात हेही दिसलं. मात्र घराघरांतला फरक मोठा होता, आणि त्याची कारणं बऱ्याच अंशी आखणीत आणि बसवणुकीत होती.

हा फरक का महत्त्वाचा, ते आकड्यांत पाहा. वर्षाला १२,००० युनिट गॅस जाळणारं घर घ्या, बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम. म्हणजे घराला मिळाली १०,२०० युनिट उष्णता. नियामकाने ठरवलेल्या जानेवारी ते मार्च २०२५ च्या कमाल दरानुसार गॅस युनिटला ६.३४ पेन्स आणि वीज २४.८६ पेन्स. गॅसचं बिल ७६१ पौंड, वर गॅसचा स्थिर आकार वर्षाला सुमारे ११५, एकूण ८७६. पंपाची कार्यक्षमता २.८ असेल तर वीज लागेल ३,६४३ युनिट, बिल ९०६ पौंड. म्हणजे गॅसचं कनेक्शन पूर्ण तोडलं तरी ३० पौंड जास्त, आणि शेगडीसाठी गॅस ठेवला तर १४५ पौंड जास्त. तोच पंप नीट बसवून ३.५ वर चालला तर वीज २,९१४ युनिट, बिल ७२४. म्हणजे १५२ पौंडांची बचत. दोन्ही घरांना अनुदान अगदी सारखं मिळालं. एक घर शेजाऱ्यांना पंप घ्या म्हणून सांगेल, दुसरं घेऊ नका म्हणून सांगेल, आणि पुढच्या शंभर घरांचं भवितव्य त्या सांगण्यावर ठरेल. विजेचा दर गॅसच्या चौपट असताना बसवणुकीचा दर्जा हाच योजनेचा प्राण आहे. व्हाउचरांच्या मोजणीत तो कुठेही दिसत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

मोजायचं कसं? गॅस आणि विजेच्या मीटरची वार्षिक नोंद पत्त्यानुसार जोडणारी एक सरकारी आकडेवारी ब्रिटनमध्ये आहे, तिला ‘नीड’ म्हणतात. पंप बसवलेल्या घरांची तशाच न बसवलेल्या घरांशी तिथे तुलना करता येते. तीन सापळे मात्र लक्षात ठेवा. तेल आणि सिलिंडरचा गॅस मीटरवर येत नाही, म्हणून तेलवाल्या घरांचं ‘आधी’ आकडेवारीत नाहीच; त्यासाठी टाकी भरल्याच्या पावत्या मागाव्या लागतात. पंपासोबत इलेक्ट्रिक गाडी आली की विजेचा आकडा फुगतो, आणि सौर पॅनल आले की तो घटतो. दोन्हींचा दोष किंवा श्रेय पंपाला जाता कामा नये. आणि ज्या घरात पूर्वी परवडत नाही म्हणून दोनच खोल्या तापवत होते तिथे आता सगळं घर ऊबदार असेल, तर ऊर्जेची बचत कमी दिसेल. ते अपयश म्हणून नोंदवू नका. थंड, ओल आलेल्या घरात राहणाऱ्याला मिळालेली ऊब हा लाभ आहे आणि हिशेबात लाभाच्याच रकान्यात तो लिहायचा.

अंदाज आणि मीटर यांत किती अंतर पडू शकतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिशिगन राज्यात कमी उत्पन्न गटाच्या घरांना इन्सुलेशन आणि नव्या भट्ट्या देणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा फाउली, ग्रीनस्टोन आणि वुल्फ्रम यांनी सुमारे ३०,००० घरं घेऊन अभ्यास केला. अभियंत्यांच्या गणिताने सांगितलेली बचत प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून जास्त निघाली. त्यांनी अर्ज करायला उत्तेजन देण्याचा प्रयोग चिठ्ठी टाकून काही घरांतच केला होता, म्हणून तुलना भक्कम होती. पण दारोदार जाऊन, फोन करून, अर्ज भरायला मदत करूनही सहभाग एका टक्क्याच्या आतून जेमतेम सहा टक्क्यांपर्यंत गेला. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठीसुद्धा. कागदपत्रांची कटकट ही किंमतच असते, तीही मोजावी.

पैशाचा हिशेब आता करता येतो. वरच्याच घरात गॅसमधून वर्षाला सुमारे २.२ टन कार्बन डायऑक्साइड निघत होता. २.८ च्या पंपाने आजच्या विजेवर तो पाऊण टनावर येतो. म्हणजे वर्षाला सुमारे १.४ टनांची बचत. वीज दरवर्षी स्वच्छ होत जाईल असं धरून वीस वर्षांत ३५ टन वाचले असं मानू. ७,५०० भागिले ३५, म्हणजे टनामागे सुमारे २१४ पौंड. सरकारने धोरणांच्या तपासणीसाठी ठरवलेलं कार्बनचं मध्यम मूल्य २०३० साठी टनाला २८० पौंड आहे, तेव्हा योजना परवडते असं वाटतं. पण निम्मे लोक तसेही पंप घेणार होते असं निघालं तर आकडा दुप्पट होऊन ४२८ वर जातो. त्यात एप्रिल २०२२ पासून हीट पंप बसवण्यावरचा व्हॅट शून्य केला आहे. २० टक्क्यांनी लागला असता तर १२,००० च्या कामावर २,४०० पौंड झाले असते. हा खर्च योजनेच्या खात्यात कधीच दिसत नाही, तरी तिजोरीतूनच जातो. एक बारकावा इथे सांभाळा: अनुदान हे सरकारकडून घरमालकाकडे गेलेलं हस्तांतर आहे, देशाचा खरा खर्च म्हणजे बॉयलरऐवजी पंप बसवायला लागलेली जादा साधनं आणि श्रम. तिजोरीचा हिशेब आणि समाजाचा हिशेब दोन वेगळ्या तक्त्यांत मांडा, आणि कुठला कुठला ते वर स्पष्ट लिहा. दोन्ही एकत्र करून मनाजोगता आकडा काढणं फार सोपं असतं.

लाभ कुणाला मिळाला याकडे मी थोडक्यात येते, कारण उत्तर उघड आहे. उरलेले पाच हजार पौंड ज्यांच्या बँकेत पडून आहेत अशा स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना. ही योजना गरिबांच्या ऊर्जाखर्चासाठी नव्हती, त्यासाठी दुसऱ्या योजना आहेत, त्यामुळे त्या कसोटीवर तिला नापास करणं अन्यायाचं. पण पैसा सर्वांच्या करातून येतो. तो कोणत्या वस्त्यांत गेला याचा नकाशा अहवालात असलाच पाहिजे.

तुमच्या अभ्यासात आणखी दोन जुन्या योजना जरूर घ्या, कारण यशस्वी योजनांपेक्षा मोडलेल्या योजना मूल्यमापकाला जास्त शिकवतात. उत्तर आयर्लंडमध्ये २०१२ साली व्यवसायांसाठी अक्षय उष्णतेची योजना आली. जेवढी उष्णता तयार कराल तेवढे युनिटमागे पैसे. दर बॉयलरमध्ये जाळायच्या लाकडी गोळ्यांच्या खर्चापेक्षा जास्त ठेवला आणि वर मर्यादा घातली नाही. जितकं जाळाल तितका नफा. अर्जांचा पाऊस पडला. अर्जांच्या संख्येने मोजलं असतं तर हीच सर्वांत यशस्वी योजना ठरली असती. वीस वर्षांत सुमारे ४९ कोटी पौंडांचा जादा बोजा पडेल असा त्या वेळी अंदाज होता. या प्रकरणावरून जानेवारी २०१७ मध्ये उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तिथलं सरकार तीन वर्षं उभं राहू शकलं नाही. सर पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२० मध्ये आला. ७,५०० पौंडांचं एकरकमी अनुदान या दोषापासून मुक्त आहे, कारण जास्त जाळून जास्त मिळत नाही. हा तिचा मोठा गुण आहे आणि तो तुम्ही लिहायला हवा.

दुसरी ‘ग्रीन होम्स ग्रँट’. सप्टेंबर २०२० मध्ये दीड अब्ज पौंडांची, सहा लाख घरांसाठीची योजना अवघ्या बारा आठवड्यांत आखून सुरू केली आणि मार्च २०२१ मध्ये बंद केली. लेखापरीक्षकांच्या हिशेबाने सुमारे ४७,५०० घरांचं काम होणार होतं, खर्च ३१.४ कोटी पौंड, त्यातले ५ कोटी नुसत्या प्रशासनावर: घरामागे हजार पौंडांहून जास्त. पण मला सर्वांत गंभीर वाटतं ते वेगळंच नुकसान. योजनेच्या भरवशावर माणसं घेतलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या छोट्या कंत्राटदारांचे पैसे अडकले, आणि काहींनी नेमलेली माणसं परत काढली. पुढच्या योजनेला इन्स्टॉलर कमी का पडले याचं एक उत्तर मागच्या योजनेत असतं. म्हणून बॉयलर अपग्रेड स्कीमची पहिली मंद वर्षं तिच्या एकटीच्या माथी मारू नका.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी एक जोड. आपल्याकडे घर तापवायचा प्रश्न हिमालयाच्या पट्ट्यापुरता, पण ‘पीएम सूर्यघर’ योजनेला हीच कसोटी जशीच्या तशी लागते. छतावरच्या सौर यंत्रणेला १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, आणि ३ किंवा अधिक किलोवॅटला ७८,०००. महाराष्ट्रात वापर वाढेल तसा विजेचा दर वाढतो. म्हणजे मोठं बिल असलेल्या बंगल्याला अनुदानाशिवायही यंत्रणा परवडते. तसेही घेणारे तिथे जास्त असणार, आणि शंभर युनिटांत भागवणाऱ्या घरात कमी. तीन किलोवॅटला पुढची वाढ थांबते. त्या टप्प्यावर अर्ज किती दाटले आहेत आणि महावितरणच्या बिलात आधी-नंतर काय फरक पडला, एवढं कुणी नीट जोडलं तरी एक उत्तम प्रबंध होईल.

तुमच्या प्रबंधाबाबत शेवटचं. एवढं सगळं एका वर्षात होणार नाही आणि करूही नका. ऑक्टोबर २०२३ ची उडी हा एकच प्रश्न धरा. सरकार दर महिन्याला या योजनेची आकडेवारी प्रसिद्ध करतं, ती आधी घ्या. स्कॉटलंडसह सगळीकडच्या बसवणुकीची नोंद ‘एमसीएस’ या प्रमाणन संस्थेकडे असते, ती मागा. अर्जाची नाही, पंप चालू झाल्याची तारीख वापरा. घोषणेभोवतालचे महिने घेऊन आणि वगळून, दोन्ही निकाल छापा. सीमेजवळचे जिल्हे वेगळे करा. एप्रिल २०२५ पासून बॉयलर उत्पादकांवर पंप विकण्याचं बंधन आलं, म्हणून तुमची मालिका मार्च २०२५ ला थांबवा, नाहीतर दोन धोरणांचे परिणाम एकमेकांत मिसळतील. आणि कोटेशन घेऊन मागे फिरलेली दहा-बारा घरं तुमच्याशी बोलायला तयार झाली, तर त्यांच्यासाठी सर्वेक्षणातून वेळ काढा. त्यांची पहिली मुलाखत तुम्ही संख्यात्मक काम सुरू करण्यापूर्वी घ्या, कारण कोणते आकडे शोधायचे हे बऱ्याचदा तिथेच कळतं.